मसाई मारासाठी व्हॅन की लँड क्रूझर?

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याच्या सहलीचं कोटेशन हातात आलं की गाडीपाशी गाडी अडते. वर उचलणारं छत दोन्हींना असतं आणि व्हॅन बरीच स्वस्त पडते. नैरोबीहून नारोकमार्गे माराच्या सेकेनानी गेटपर्यंतच्या पाच-सहा तासांत तर व्हॅनच सुखाची. लँड क्रूझरला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असतात, कंबर बोलायला लागते.

तरी मारासाठी माझा कल लँड क्रूझरकडे, आणि तो मातीमुळे. तिथली बरीच जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी, कापसाची. सर पडली की ती फुगते, वरचा थर साबणासारखा होतो, टायरच्या खाचा लिंपून जातात आणि चाक जागच्या जागी फिरतं. जुलै ते ऑक्टोबर हा विल्डबीस्टच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या शिंगाळ हरणांच्या, स्थलांतराचा हंगाम तुलनेनं कोरडा खरा, पण दुपारची सर तेव्हाही येते. बहुतेक व्हॅनना ताकद मागच्या दोनच चाकांची. अशा वेळी ड्रायव्हर लुग्ग्यात, म्हणजे ओढ्याच्या पात्रात, गाडी घालत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं. पण बिबट्या हमखास त्या ओढ्याकाठच्या झाडीत. पलीकडे शे-दोनशे मीटरवर गाड्या थांबलेल्या दिसतात, सगळ्यांच्या दुर्बिणी एकाच फांदीकडे, आणि आपली व्हॅन वळशाला निघते. पोचेपर्यंत फांदी रिकामी. जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढाला १२ तासांच्या प्रवेशाचे २०० डॉलर पडतात. त्यातला पाऊण तास असा जाणं फार लागतं.

लँड क्रूझर घेतली म्हणजे झालं असंही नाही. काही गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायचा हब असतो. तो ‘लॉक’वर नसेल तर आत फोर-व्हील टाकूनही पुढची चाकं ओढत नाहीत, आणि अभयारण्यात मध्येच खाली उतरता येत नाही. आभाळ भरलेलं असेल तर गेटवरच ड्रायव्हरला तेवढं विचारून घ्या. कोटेशनमध्ये ‘फोर बाय फोर’वर भागवू नका, ‘लँड क्रूझर, सहाच प्रवासी, प्रत्येकाला खिडकी’ असं लिहून घ्या. फरकाची रक्कम सहांत वाटली की बोचत नाही.

केनियातली नाकुरू किंवा अंबोसेली ही अभयारण्यंच करायची असतील आणि दिवस कोरडे असतील, तर व्हॅन खुशाल घ्या.

कॅमेऱ्याला ट्रायपॉड नको, तो अडचणच करतो. कापडी पिशवी रिकामी न्या, नैरोबीत दोन किलो तांदूळ भरा आणि छताच्या कडेवर ठेवून कॅमेरा तिच्यावर टेकवा. इंजिन बंद करायला सांगा. मागच्या सीटवर कुणी नुसती कूस बदलली तरी फोटो हलतो, हे मात्र दोन्ही गाड्यांत सारखंच.