जोखीम मोजणारे सॉफ्टवेअर : काही महिन्यांच्या वापरानंतर

पोर्टफोलिओतील जोखमीचे विश्लेषण करणारे एक सॉफ्टवेअर मी काही महिन्यांपासून नियमितपणे वापरत आहे. त्यातील सर्वांत उपयुक्त तक्ता म्हणजे प्रत्येक गुंतवणुकीचा एकूण जोखमीतील वाटा दाखवणारा. ६० टक्के समभाग आणि ४० टक्के रोखे ही विभागणी कागदावर समतोल दिसते. परंतु समभागांचे वार्षिक प्रमाण विचलन (परताव्यातील चढ-उताराचे माप) १६ टक्के, रोख्यांचे ५ टक्के आणि दोहोंमधील सहसंबंध (ते कितपत एकत्र वर-खाली होतात, त्याचे माप) शून्य धरला, तर जवळपास ९६ टक्के जोखीम एकट्या समभागांची निघते. निर्णय घेताना मी आता रकमेआधी हा आकडा पाहतो.

अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या, परतावा आणि जोखीम यांचा मेळ घालण्याच्या विचारावर बेतलेला ऑप्टिमायझर (कशात किती रक्कम ठेवावी हे सुचवणारा भाग) मात्र जपून वापरावा लागतो. एकाच प्रकारच्या दोन फंडांपैकी एकाचा अपेक्षित परतावा ९ वरून १० टक्के केला, की दुसऱ्यातील जवळपास सगळी रक्कम तो पहिल्यात ढकलतो. अंदाजातील एवढ्याशा फरकावर कोणता फंड व्यवस्थापक असा फेरबदल करील? प्रत्येक घटकावर कमाल मर्यादा घातल्यावरच त्याची उत्तरे विचारात घेण्याजोगी होतात.

माझी खरी तक्रार पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत झळकणाऱ्या 'व्हॅल्यू ॲट रिस्क'बद्दल आहे. ९५ टक्के पातळीवरचा एक दिवसाचा आकडा इतकेच सांगतो, की सरासरी वीस व्यवहार-दिवसांतून एकदा तोटा याहून मोठा होऊ शकतो. तो किती मोठा असेल, याविषयी त्यात काहीच नसते. ते सांगणारा 'एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल', जो बँकांच्या बाजार-जोखमीसाठी बाझल समितीनेही (बँकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी समिती) स्वीकारला, येथे मेनूच्या तळाशी दडवला आहे. शिवाय गणनेसाठी मागील एकच वर्ष गृहीत धरलेले असते. वर्ष शांत गेले, की आकडा लहान होतो आणि नेमकी तेव्हाच जास्त जोखीम घेण्याची मुभा मिळाल्यासारखे वाटते. कालावधी वाढवून २००८ आणि मार्च २०२० हे मोठ्या घसरणीचे काळ त्यात घेतले, तेव्हा एकही व्यवहार न करता माझा आकडा चांगलाच फुगला.

बिकट परिस्थितीत किती तोटा होईल हे पाहणाऱ्या ताण-चाचणीत सहसंबंध स्वतः भरता येतात, ही मोठी सोय आहे. २०२२ मध्ये समभाग आणि रोखे एकत्र घसरले होते, ती परिस्थिती सहज उभी करता येते. विक्रीला लागणारे दिवस मात्र कुठेच मोजले जात नाहीत. ज्या फंडाला गुंतवणूकदारांचे पैसे मागताक्षणी परत करावे लागतात, त्याच्यासाठी ही उणीव गंभीर आहे. माझ्यापुरते सांगायचे, तर मूळ संचाची वर्गणी मी चालू ठेवणार आहे. ऑप्टिमायझरसाठी वेगळे पैसे भरणार नाही.