म्युझस्कोअर ४, आठ महिन्यांच्या वापरानंतर: क्वायरचा ताल आणि नोटेशन

म्युझस्कोअर हे संगणकावर पाश्चात्त्य स्वरलिपी (नोटेशन) लिहायचं आणि वाजवून ऐकायचं सॉफ्टवेअर आहे. ते मोफत आहे आणि चार आवाजांच्या क्वायरचं, म्हणजे समूहगायनाचं, बहुतेक काम त्यात निभतं. उघडल्यावर पहिलं लक्ष जातं ते ‘म्यूज साउंड्स’ या त्याच्या ध्वनिसंग्रहातल्या क्वायरच्या आवाजाकडे. ऐकायला तो भरदार आहे, पण तालाच्या सरावाला घेऊ नये. त्यातला सूर हळूहळू उमलतो, त्यामुळे बीट नेमकी कुठे पडली ते कानाला कळत नाही. मिक्सरमध्ये, म्हणजे प्रत्येक आवाजाचं वाद्य आणि पातळी ठरवायच्या खिडकीत, चारही आवाजांना पियानो लावा. प्रत्येक सुराची सुरुवात ठोक्यासारखी ऐकू आली, की क्वेव्हर (अर्ध्या बीटचा सूर) आणि क्रॉचेट (एका बीटचा) यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

छापील पुस्तकात बहुधा सोप्रानो-आल्टो (स्त्रियांचे वरचा आणि खालचा आवाज) एका स्टाफवर, म्हणजे पाच रेषांच्या ओळीवर, आणि टेनर-बास (पुरुषांचे वरचा आणि खालचा) दुसऱ्यावर असतात. तसंच उतरवलं तर मिक्सरमध्ये दोघांना मिळून एकच पट्टी येते आणि आल्टोला वेगळं ऐकवणं किचकट होतं. म्हणून चार स्टाफचा एसएटीबी (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) साचा घ्यावा. टेनरची ट्रेबल क्लेफ (स्टाफच्या सुरुवातीची, सुरांची पट्टी ठरवणारी खूण) खाली ८ चा आकडा असलेलीच हवी. साधी घातली तर कागदावर सगळं बरोबर दिसतं आणि टेनर एक सप्तक वर वाजतो. गाणं चौथ्या बीटवर उठत असेल तर नवीन फाइल करतानाच पिकअप बार, म्हणजे सुरुवातीचा अपुरा बार (दोन उभ्या रेषांमधला भाग), मागून घ्या. तो राहिला तर पुढचा प्रत्येक जोर एका बीटने सरकतो.

खरी मेहनत शब्दांत आहे. कंट्रोल-एल दाबून अक्षर लिहायचं, हायफनने त्याच शब्दाच्या पुढच्या अक्षरावर, स्पेसने पुढच्या शब्दावर जायचं. शब्दाचं शेवटचं अक्षर अनेक सुरांवर ओढायचं असेल तर अंडरस्कोअर, मधलं असेल तर पुन्हा हायफन. देवनागरीत जोडाक्षर कुठे तोडायचं हा प्रश्न येतोच. ‘प्रार्थना’ हा शब्द ‘प्रार्-थ-ना’ असा तोडला तर गायक ‘र्’ लगेच उच्चारतात आणि स्वर मध्येच मरतो. ‘प्रा-र्थ-ना’ लिहिलं की ‘आ’ पूर्ण बीटभर टिकतो आणि ‘र्’ आपोआप पुढच्या अक्षराला चिकटून येतो. शेवटच्या ‘अ’चंही तेच: ‘देव’ दोन सुरांवर असेल तर ‘दे-व’, एका सुरावर असेल तर अखंड ‘देव’. हे आधी ठरलेलं नसेल तर अर्धी क्वायर एक म्हणते, अर्धी दुसरं. फॉन्ट बदलताना स्टाइलमध्ये गीताच्या ओळींसाठी विषम आणि सम असे दोन प्रकार आहेत हे लक्षात ठेवा. एकच बदलला तर दुसरं कडवं वेगळ्या अक्षरात छापलं जातं.

ताल बिघडतो तो सूर सुरू होताना कमी, संपताना जास्त. चार बीटच्या सुरानंतर श्वास घ्यायचा असेल तर स्वल्पविरामाच्या खुणेवर विसंबू नये, कारण ती किती वेळाची हे प्रत्येक गायक आपल्यापुरतं ठरवतो. डॉटेड मिनिम (तीन बीटचा सूर) आणि क्रॉचेट रेस्ट (एका बीटची शांतता) असं सरळ लिहा. शेवटचं व्यंजन त्या रेस्टवर पडेल, सगळ्यांचं एकदमच.

सराव असा घ्यावा: चार बार निवडून लूप लावायचा, मेट्रोनोम सुरू, वेग ७० टक्के. आधी सूर सोडून फक्त शब्द तालात बोलायचे. चुका राहिल्या नाहीत की ८५, मग १००. घरी देण्याच्या एमपी३साठी ज्याचा त्याचा आवाज ० डेसिबलवर आणि बाकीचे -१२ च्या आसपास ठेवावेत. आवाज पाठ झाल्यावर तोच आवाज बंद केलेली दुसरी फाइल द्यावी. खरी परीक्षा तिच्यात होते. मेट्रोनोमचा टिकटिकाट एमपी३त येईल असं धरून चालू नका. एक तालवाद्याचा स्टाफ जोडून वुडब्लॉकने प्रत्येक बीट लिहून काढा आणि सुरुवातीला मोजणीचा एक रिकामा बार ठेवा. बार प्रॉपर्टीजमध्ये तो मोजणीतून वगळला नाही, तर फाइलमधला बार १२ आणि छापील प्रतीतला बार १२ जुळत नाहीत आणि तालमीत गोंधळ उडतो.

गोव्यातले मांडो (संथ लयीची कोंकणी गाणी) बसवताना बारमध्ये सहा बीटचं ६/४ लिहा, तीन बीटचं ३/४ नको. ३/४ मध्ये दर तीन बीटना बाररेषा येते, गायक तिथे तितकाच जोर देतात आणि मांडोची संथ लय वॉल्ट्झसारखी उड्या मारू लागते. दुलपद (मांडोच्या जोडीचं जलद गाणं) ६/८ मध्ये असेल तर वेगाची खूण डॉटेड क्रॉचेटची (तीन क्वेव्हरइतकी) घाला, म्हणजे बारमध्ये दोनच ठोके मोजले जातात.

बाहेरून फाइल आणायची असल्यास म्युझिकएक्सएमएल (नोटेशन जसंच्या तसं ठेवणारा फाइलप्रकार) घ्यावी. कुणी हाताने वाजवलेल्या मिडीतून (फक्त वाजवलेले सूर आणि वेळ नोंदवणाऱ्या फाइलीतून) आणलं की साध्या क्रॉचेटचे कमानीने (टायने) जोडलेले तुकडे होतात. ते दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने लिहिणं लवकर होतं.

छपाईला मूळ १.७५ मिमीची स्टाफ स्पेस (स्टाफच्या दोन रेषांमधलं अंतर) १.५ केली की ए४ वर चार आवाजांच्या जास्त ओळी बसतात. त्याहून खाली गेल्यास चर्चमधल्या दिव्यांत शब्दांच्या काना-मात्रा वाचता येत नाहीत.