लायटरला काळं झालेलं हेल्मेट

यंदा जानेवारीत आमच्या भागातल्या एका कृषी प्रदर्शनातून वेल्डिंगचं ऑटो हेल्मेट घेतलेले आणखी लोक आहेत, म्हणून हे लिहितोय. माझ्या देखत त्या स्टॉलवाल्याने तासाभरात पाच-सहा नग विकले. त्यातला एक माझा.

मी अमळनेर तालुक्यातला. बोरीच्या काठाला साडेसहा एकर, कापूस, आणि रब्बीत दादर ज्वारी, हरभरा. वेल्डिंग हा माझा धंदा नाही. पण कल्टिव्हेटरचा फण तुटला, ट्रॉलीच्या फाळक्याचा बिजागर निघाला, वखराच्या पाशीला तडा गेला, की प्रत्येक वेळी ते घेऊन गावात जायचं, वेल्डरकडे नंबर लावायचा आणि ऐन हंगामात अर्धा दिवस घालवायचा. तीन वर्षांपूर्वी सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं. त्याच्यासोबत हातात धरायची ढाल आली, तिला ११ नंबरची काळी काच. हळूहळू हात बसला, पण त्या ढालीत डावा हात अडकून राहतो, तुकडा धरायला हातच उरत नाही. शिवाय काळ्या काचेतून आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची लख्ख ज्योत, पेटेपर्यंत काहीच दिसत नाही. आधी उघड्या डोळ्यांनी नेम धरायचा, मग ढाल पुढे आणायची, मग रॉड टेकवायचा. ढाल पुढे येण्याआधीच रॉड टेकला की लख्ख उजेड थेट डोळ्यात. हे माझं कितीदा तरी झालं.

म्हणून ऑटो हेल्मेट घ्यायचं मनात होतंच. डोक्यावर बसतं, दोन्ही हात मोकळे. काच एरवी फिकट असते, ३ किंवा ४ नंबरची, त्यामुळे जोड स्पष्ट दिसतो. आर्क पेटला की पुढचे सेन्सर तो ओळखतात आणि काचेतल्या लिक्विड क्रिस्टलच्या थराला वीज मिळून ती ९ ते १३ नंबरपर्यंत काळी होते. चांगल्या हेल्मेटात हे सेकंदाच्या वीस-पंचवीस हजाराव्या भागात होतं. पापणी एवढ्या वेगाने मिटू शकत नाही.

प्रदर्शनात ट्रॅक्टरच्या स्टॉलांच्या पलीकडे एक टेबल होतं. कटर, ड्रिल, सॉकेटचे पाने आणि ही हेल्मेटं. छापील किंमत ४८०० रुपये, प्रदर्शनापुरता भाव १९००. माणूस बोलायला गोड. "चार सेन्सर आहेत दादा, सोलर आहे, बॅटरी आयुष्यात बदलायची नाही." त्याने हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं, समोर लायटर पेटवला आणि काच झटकन काळी झाली. मग म्हणाला, सूर्याकडे बघा. बघितलं, काळी झाली. (हे कोणी करू नका. कुठल्याही काचेतून, कोणाच्याही सांगण्यावरून सूर्याकडे बघायचं नसतं.) शेजारी एक वयस्कर बाबा उभे होते, पांढरी टोपी, पारोळ्याकडचे आहेत असं बोलण्यात आलं. त्यांनी दोन घेतली. एक मुलासाठी, तो आयटीआयला वेल्डरचा ट्रेड करतोय म्हणाले. त्यांचं बघून माझाही निर्णय झाला.

खोक्यावर सीई, ईएन ३७९ (वेल्डिंगच्या ऑटो काचेचं युरोपीय मानक) आणि आयएसआयचा शिक्का, सगळं छापलेलं. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल केलं तर जीएसटी वरून द्यावा लागेल. मी पैसे वाचवायला गेलो. एका कोऱ्या चिठ्ठीवर मोबाईल नंबर आणि 'एक वर्ष वॉरंटी' एवढं लिहून घेतलं.

पहिले तीन आठवडे काही जाणवलं नाही, कारण कामंच लहान होती. चार टाके मारले की झालं. फेब्रुवारीत ट्रॉलीच्या खालच्या चॅनलला तडा गेलेला दिसला. दुपारी चार वाजता ट्रॉलीखाली आडवा झालो, ३.१५ चा रॉड, मशीन ११० वर, आणि साडेसहापर्यंत काम चाललं. त्या वेळात दहा-बारा वेळा तरी काच काळी झालीच नाही, किंवा मध्येच फिकट होऊन परत काळी झाली. दर वेळी डोळ्यापुढे हिरवे-जांभळे डाग नाचायचे. मला वाटलं मी खाली पडलोय, सोलरवर ऊन पडत नसेल म्हणून असं होतंय. काम उरकायची घाई होती. तिथेच थांबायला हवं होतं.

संध्याकाळी जेवलो, टीव्ही बघितला, झोपलो. काहीच दुखत नव्हतं. रात्री दीडला जाग आली ती डोळ्यांत मूठभर वाळू कोणी चोळल्यासारखी. उघडावे तर धार लागते, मिटावे तर पापणीखाली काचेचे तुकडे. मोबाईलचा उजेडसुद्धा सुईसारखा टोचत होता. आईने कच्चा बटाटा किसून आणला. गल्लीतून कोणी सांगितलं बाळंतिणीचं दूध घाला, कोणी म्हणालं मेडिकलमधून ते बधिर करणारे थेंब आणा, गावातले वेल्डर तेच घालतात. बायकोने कोणाचंच ऐकलं नाही. स्वच्छ ओल्या फडक्याने डोळे झाकले आणि सकाळी मला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन जायला भावाला बोलावलं.

अमळनेरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं. बुबुळाच्या वरच्या पातळ थरावर बारीक बारीक ठिपक्यांसारख्या जखमा होत्या, दोन्ही डोळ्यांना. वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी डोळ्याचा पृष्ठभाग भाजतो, आणि त्रास लगेच न होता सहा ते बारा तासांनी सुरू होतो, असं त्यांनी समजावलं. म्हणूनच माणसाला वाटतं की काम करताना तर काही झालं नव्हतं. थेंब आणि मलम दिलं, दोन दिवसांत भरून येईल म्हणाले, आणि आलंही. बधिर करणाऱ्या थेंबांबद्दल मात्र त्यांनी बजावून सांगितलं: ते तपासणीपुरते दवाखान्यात वापरायचे असतात. घरी घालत राहिलं तर दुखणं कळत नाही, जखम भरत नाही आणि बुबुळाला कायमचा डाग पडू शकतो. बटाटा-दुधाने डोळ्यात जंतू शिरतात ते वेगळंच. बाहुली मोठी करून पडदाही तपासला, तो ठीक निघाला. ते ऐकेपर्यंतची पंधरा मिनिटं मी विसरणार नाही.

माझे साडूभाऊ धुळ्याला राहतात, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतात. पुढच्या रविवारी ते हेल्मेट घेऊन त्यांच्याकडे गेलो. आधी त्यांनी चारही सेन्सरांच्या खिडक्यांवर काळी चिकटपट्टी लावली. मग एकेक उघडून लायटर पेटवला. वरच्या दोन्हीवर काच काळी झाली. खालच्या दोन्हीवर काही नाही. स्क्रू काढून आत बघितलं तर खालच्या खिडक्यांमागे सेन्सरच नव्हते, नुसतं काळं प्लॅस्टिक. ट्रॉलीखाली चॅनल नेमकी वरच्या दोघांच्या आड येत होती. चार सेन्सर असतात ते यासाठीच, एक-दोन आड आले तरी बाकीच्यांनी आर्क बघावा. सोलरच्या पट्टीला तार जोडलेलीच नव्हती. आत नाण्याच्या आकाराचा एक सेल थेट डाग देऊन बसवलेला, ३ व्होल्टचा, आणि मीटरवर २.३ दाखवत होता. म्हणजे 'आयुष्यात बदलायची नाही' याचा अर्थ बदलताच येणार नाही असा होता.

पण सगळ्यात वाईट गोष्ट त्यांनी नंतर दाखवली. खोलीत अंधार केला, मला हेल्मेट घालायला सांगितलं आणि समोरून मोठा बल्ब लावला. उजव्या खालच्या कोपऱ्यात उजेडाची एक रेघ दिसली. काच बसवलेला डबा हेल्मेटच्या खाचेपेक्षा लहान होता, फट बुजवायला स्पंजची पट्टी कोंबलेली, आणि ती एका टोकाला निघाली होती. माझे डोळे भाजले ते बहुतेक या फटीतून, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी माहीत असतं तर मी त्या टेबलासमोर फसलो नसतो. खऱ्या ऑटो काचेत अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर कायमचा असतो. सेल संपलेला असो, काच फिकट असो, तो थर काम करतच असतो. काळं होणं हे दिसणाऱ्या झगझगाटासाठी आहे. लायटरला काच काळी झाली म्हणजे सेन्सर जिवंत आहे, एवढंच कळतं. ती किती काळी झाली, किती वेगाने झाली, न दिसणारे किरण अडवते की नाही, यातलं लायटर काहीच सांगत नाही. आणि स्टॉलवर सगळे लायटरच पेटवतात, कारण बघणाऱ्याला तेवढंच पुरतं. मलाही पुरलं होतं.

शिक्क्यांचंही तसंच. छापखान्यात खोक्यावर काहीही छापून मिळतं. प्रमाणित काचेच्या डब्यावरच, आतल्या बाजूला, बारीक अक्षरात ओळ असते: आधी ४/९-१३ असा फिकट आणि काळ्या शेडचा, म्हणजे काचेच्या काळेपणाच्या नंबरचा, आकडा, बनवणाऱ्याची खूण, मग १/१/१/२ असे चार आकडे आणि शेवटी ३७९. ते चार आकडे काचेतून किती स्वच्छ आणि एकसारखं दिसतं ते सांगतात, १ सर्वात चांगला, ३ सर्वात कमी. शेवटचा तिरक्या नजरेचा आहे, आणि आपल्यासारख्या आडवं पडून काम करणाऱ्याला तोच जास्त लागतो. नव्या मालावर ३७९ ऐवजी १६३२१ हा नव्या मानकाचा आकडाही येतो. माझ्या डब्यावर काहीच नव्हतं, कोरा. आयएसआयच्या खऱ्या शिक्क्याच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) च्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कोणाचा ते दिसतं. माझ्या खोक्यावर नुसतंच चित्र होतं, वर-खाली एकही आकडा नाही.

शेतकऱ्याने घेताना काय बघावं असं मी साडूभाऊंना विचारलं. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती सेल बदलता येणारा हवा, सोलर असला तरी. दुसरी, शेड, सेन्सरची तीव्रता आणि आर्क विझल्यावर काच किती वेळाने फिकट व्हावी, या तिन्हींची बटणं हवीत. आपण उघड्यावर काम करतो. एप्रिलच्या उन्हात तीव्रता जास्त ठेवली तर हेल्मेट आर्कशिवायच काळं होतं, म्हणून माणूस ती कमी करतो आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये काम करताना परत वाढवायला विसरतो. काचेच्या शेडचं त्यांनी असं सांगितलं: रॉडचं काम ४० ते ८० अँपिअरवर असेल तर १०, त्याच्या वर १७५ पर्यंत ११. आपलं सगळं काम यातच बसतं. १३ नंबरची जाहिरात बघून भुलायचं कारण नाही. घासायचं काम असेल तर ग्राइंड मोड, पण त्या मोडवर काच काळी होत नाही, वेल्ड करण्याआधी तो बंद केला की नाही ते बघायचंच. आणि हेल्मेट बॉनेटवर किंवा पत्र्याखाली ठेवायचं नाही. बहुतेकांची मर्यादा ५५ अंशांची असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५ होतं.

दुकानात खरी परीक्षा घ्यायची तर आर्कवर घ्यायची. दुसऱ्याला रॉड मारायला सांगायचं, आपण जुनी काळी काच डोळ्यासमोर धरून, हेल्मेट हातात लांब धरून त्याच्याकडे बघायचं. दुकानदार तयार नसेल तर दुसरं दुकान.

चिठ्ठीवरचा नंबर पहिल्या दिवशी लागला. "तुम्हीच चुकीचं वापरलं असेल" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून बंद. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण बिल, दुकानाचं नाव, पत्ता यातलं माझ्याकडे काहीच नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण तक्रार कोणाविरुद्ध करू? प्रदर्शन भरवणाऱ्यांकडे स्टॉलधारकांची यादी मागितली आहे. १९०० रुपयांपेक्षा मला तो माणूस पुढच्या प्रदर्शनात उभा राहू नये, हे हवं आहे.

सध्या मी डोक्यावर बसणारं साधं हेल्मेट वापरतो, वर उचलायची ११ नंबरची काच असलेलं. हात मोकळे राहतात, आणि तिच्यात फसायला काही नाही. आमच्या गावात त्याच स्टॉलचं एक हेल्मेट निघालं, शेजारच्या आप्पांकडे. त्यांच्या घरी जाऊन बल्ब लावून बघितलं, तीच फट, तोच कोपरा. त्यांनी ते बाजूला काढून ठेवलं.

पारोळ्याकडचे ते बाबा मात्र मला सापडलेले नाहीत. नाव विचारलं नव्हतं. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, दोन हेल्मेटं, आणि मुलगा आयटीआयला. तो मुलगा रोज दोन-तीन तास आर्कसमोर उभा राहत असेल. त्या बाजूला कोणाच्या ओळखीत असा मुलगा असेल तर त्याला एवढंच सांगा: आज रात्री खोलीत अंधार करून हेल्मेट घाल, समोर बल्ब लाव आणि उजवा खालचा कोपरा बघ.