लाल गालाचा हापूस आणि माझे १,२२,३०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकला, म्हणजे लपवायला काही उरत नाही. देवगडात आमची दीडशे कलमं आहेत, मी बी.कॉम. आहे, वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, तोंडी तपासतो. तेव्हा 'अडाणी होता, फसला' असं कुणी म्हणू नये.

वेबसाईट करून देणारे दोघे जानेवारीत घरी आले. कोटेशन असं: साधी साईट ३८,०००, 'थ्रीडी आंबा ॲनिमेशन' २५,०००, ड्रोन व्हिडिओ १५,०००, पार्श्वसंगीत ७,०००. एकूण ८५,०००, वर १८ टक्के जीएसटी १५,३००. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. अर्धे आगाऊ, "सर, पाडव्याला लाईव्ह", मग "टीम बिझी आहे", मग फोन बंद, मग उरलेल्या पैशांसाठी फोन चालू.

पण डेमोचा दिवस डोक्यातून जात नाही. ओटीवर लॅपटॉप उघडला. झाडावरून आंबे टपाटप पडतात, गरगर फिरतात, फुटतात, रसाची लाट येते आणि लाटेतून माझं नाव वर येतं. मी टाळ्या वाजवायचाच बाकी होतो. मागून आई म्हणाली, "अरे, ह्यो आपलो आंबो न्हय!"

बरोबर होतं तिचं. आंब्याचे गाल लालभडक. २०१८ पासून भौगोलिक मानांकन मिरवणारा आमचा हापूस असा लिपस्टिक लावल्यासारखा कधी दिसतो? डोळे मिटून आढीत हात घातला तरी आंबा ओळखणारा माणूस मी, आणि मी आईला सांगतो, "आई, तो प्रतीकात्मक आहे." प्रतीकात्मक! हा शब्द त्या पोराने दोन मिनिटांपूर्वीच माझ्या तोंडावर फेकला होता. पुढे भाच्याने शोधून दाखवलं. कुठल्याशा परदेशी ज्यूसवाल्यासाठी केलेलं तयार टेम्प्लेट, किंमत ४९ डॉलर.

फसवणुकीची दुसरी खूण म्हणजे, मी म्हटलं माझ्या फोनवर दाखव, तर म्हणे "सर, सर्व्हरचं काम चालू आहे". तिथेच उठवायला हवं होतं त्याला. आंब्याचं गिऱ्हाईक लोकलमध्ये उभ्या उभ्या फोन बघतं. डेमो नेहमी स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून बघा.

साईट चालू झाली अक्षय्य तृतीयेला. पहिल्याच पानावर ६४ एमबीचा ड्रोन व्हिडिओ. दादरच्या जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला, "अहो, नुसतं गोल फिरतंय. आणि दर कुठंय?" दर होता सगळे आंबे फुटून झाल्यावर. गूगलच्या फुकट पेजस्पीड तपासणीत मोबाईलला १०० पैकी ११ गुण. अख्ख्या हंगामात साईटवरून ऑर्डरी तीन, त्यातली एक भाच्याची. आणि ७,००० ची बासरी? ती कुणाच्या कानावरच पडली नाही. पान उघडताच आवाज सुरू करणं क्रोमने २०१८ मध्येच अडवलंय, आधी बोट लावावं लागतं. जे वाजणारच नव्हतं ते मला विकलं.

मी ॲनिमेशनच्या विरोधात नाही बरं का. फोडी कापतानाचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, बोट लावल्यावरच सुरू होणारा, पेट्या विकून देतो. ऑर्डर गेल्यावर हिरवी खूण जराशी हलली तर माणसाला धीर येतो. पाच सेकंदांहून जास्त काही आपोआप हलत राहणार असेल तर ते थांबवायचं बटण मागून घ्या.

भांडायला गेलो तेव्हा कळलं, डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, त्यांच्या नावावर. 'ट्रान्स्फर फी' २२,०००. मी दिली. हो, दिली! पेट्यांवरच्या स्टिकरवर तोच पत्ता छापला होता, करणार काय? डोमेन अजून मिळालेलं नाही. तुमचं डोमेन तुमच्याच ईमेलवर घ्या, सख्ख्या भावाच्याही नको.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "साईट दिली ना? मग दिवाणी मामला." हेल्पलाईनवर विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" अहो, फसलेला माणूस स्वतःच पाठवतो! ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर ऐकवलं, धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला सूट आहे, ते कलम वाचून दाखवलं, तर "वकील आणा". बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, नोंदणी रद्द झालेली! म्हणजे १५,३०० सरकारच्या नावाने खिशात गेले. आता तरी सरकार चिडेल असं वाटलं. एका कार्यालयात "आमच्या हद्दीत नाही", दुसऱ्यात "लेखी द्या", लेखी दिलं तर शिक्का मारणारा रजेवर. चार चकरा झाल्या, एसटीचे पैसे मी या हिशेबात धरलेलेच नाहीत. तो नंबर दोन मिनिटांत फुकट तपासता येतो. आगाऊ देण्याआधी तपासा, मी नंतर तपासला.

परवा रत्नागिरीकडच्या एका बागायतदाराने कौतुकाने नव्या साईटची झलक पाठवली. झाडावरून आंबे पडतायत, लाल गालाचे. तिथल्या तिथे फोन लावला त्याला. अर्धे पैसे देऊन झाले होते. पाडव्याला लाईव्ह होणार, म्हणाला.