मागच्या टॅपेट कव्हरचं गॅस्केट किट: रबर एक नंबर, बाकीचं बघून घ्या

गाडी जुनी, इंजिन व्ही६ आणि तेही आडवं बसवलेलं, म्हणजे तीन सिलिंडर समोर आणि तीन मागे फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) चिकटून. समोरच्या टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, म्हणजेच गॅस्केट, कोणीही बदलेल हो, पण मागच्यावर इनटेकचं प्लेनम (सिलिंडरना हवा वाटणारा डबा) आडवं येतं आणि ते काढल्याशिवाय मागचे बोल्ट दिसत पण नाहीत धड. म्हणून या किटला मी मार्क एकाच गोष्टीवर दिलेत, परत तिथे हात घालायची वेळ येणार का नाही.

कंपनीचं नाव देत नाही, अशी किट ढीगभर नावांखाली मिळतात आणि आतला माल साधारण सारखाच असतो. डब्यात दोन कव्हरची गॅस्केट, सहा प्लग ट्यूब सील, बोल्टखालचे रबरी वॉशर, अर्धचंद्राकृती रबरी बूच, प्लेनमचं आणि थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग, आणि सोबत "फुकट" म्हणून सिलिकॉनची पिटुकली ट्यूब. त्या ट्यूबबद्दल पुढे बोलतो, तिच्यावर राग आहे माझा.

आधी चांगलं सांगतो. मेन गॅस्केट एसीएम रबराची आहेत, म्हणजे पॉलीअ‍ॅक्रिलेट, पाकिटावर तसं छापलेलंय. स्वस्त किटमध्ये साधं नायट्रिल असतं, ते सतत १०० अंशांच्या वर तापत राहिलं की हळूहळू कडक व्हायला लागतं, एसीएम १५० च्या आसपासपर्यंत आरामात टिकतं. समोरच्या बाजूला हा फरक एवढा जाणवणार नाही, पण मागच्या बँकेला (मागच्या तीन सिलिंडरच्या रांगेला) वारा लागत नाही आणि खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापलेला, तिथे मटेरियलच सगळं ठरवतं. जुनं गॅस्केट काढताना ते काचेच्या बांगडीसारखं कटाकट तुटत होतं, खोबणीतून एकेक तुकडा टोकदार प्लास्टिकने उकरून काढायला लागला आणि दोन-तीन बारके तुकडे हेडमध्ये पडले ते व्हॅक्यूमने ओढले, नाहीतर ते ऑइलबरोबर फिरत खाली ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत गेले असते.

फिटिंग मस्त आहे. कव्हर स्वच्छ पुसून खोबणीत गॅस्केट दाबलं की कुठे ताणायला लागत नाही का कुठे फुगा येत नाही, आणि मुख्य म्हणजे कव्हर उलटं केलं तरी कोपऱ्यातून सुटत नाही. हे वाचायला किरकोळ वाटेल पण मागचं कव्हर तुम्ही तिरकं करून वायरिंगच्या खालून सरकवत आत नेता, एक हात पूर्ण आंधळा असतो, तेव्हा गॅस्केट खोबणीतून निसटलं तर कळणार पण नाही, डायरेक्ट ऑइल गळायला लागल्यावर कळेल. मी बसवल्यावर छोट्या आरशाने आणि टॉर्चने पूर्ण कड फिरून बघितली, सगळीकडे सारखी बसलेली. बाहेरच्या कडेला मोल्डिंगची थोडी फालतू किनार होती, ती ब्लेडने काढली.

ट्यूब सील ठीकठाक. रबर मेन गॅस्केटपेक्षा कडक वाटलं आणि एका सीलची आतली ओठाची कड पाकिटातच दुमडलेली होती, बसली शेवटी, पण बसवायच्या आधी प्रत्येक सील बोट फिरवून तपासा. हे सील गेले की ऑइल प्लगच्या विहिरीत साचतं, प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलच्या रबरात शिरतं आणि गाडी मिसफायर मारायला लागते, मग लोक कॉइल बदलत बसतात. सील दाबायला त्याच मापाचा सॉकेट वापरा, ओठाला किंचित ऑइल लावा, हातोड्याने डायरेक्ट ठोकू नका. आणि काही इंजिनांत हे सील कव्हरपासून वेगळे येतच नाहीत, तेव्हा किट मागवायच्या आधी तेवढं बघून घ्या.

आता वाईट. प्लेनमचं पॅकिंग कागदी फायबरचं दिलंय, गाडीतलं मूळचं धातूचं होतं, उठावाची कड असलेलं. कागदी चालत नाही असं नाही, पण त्याला दोन्ही फेस अगदी सपाट आणि कोरे करकरीत लागतात आणि जुन्या अ‍ॅल्युमिनियमवर ते कुठून आणायचे? जरा कुठे हवा ओढायला लागलं की आयडल वरखाली, आणि स्कॅनरवर पी०१७१, पी०१७४, म्हणजे दोन्ही बँक लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). ज्या कामासाठी प्लेनम काढलं त्याच कामात प्लेनमच गळायला लागलं तर डोकंच फिरेल ना. मी ते बाजूला ठेवलं आणि धातूचं वेगळं मागवलं.

आणि ती सिलिकॉन ट्यूब! झाकण उघडल्या उघडल्या विनेगरचा भपकारा, म्हणजे अ‍ॅसिटिक क्युअरवाली, ही धातूला गंज धरवते आणि तिची वाफ ऑक्सिजन सेन्सरला मारक. कचऱ्यात टाका आणि पाकिटावर सेन्सर सेफ लिहिलेली न्यूट्रल क्युअर घ्या. ती पण फक्त जिथे टायमिंग कव्हर किंवा पहिली कॅम कॅप हेडला मिळते त्या जोडावर आणि अर्धचंद्र बुचाखाली, एवढाच थेंब. पूर्ण गॅस्केटला थापायची सवय असेल तर सोडा, आत आलेली सिलिकॉनची शेपटी तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकते. लावल्यावर २४ तास इंजिन चालू करायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

सोबतचा कागद म्हणजे निव्वळ थट्टा आहे, चार चित्रं आणि एक बाण. टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा नाही. असल्या कव्हरचे बोल्ट बहुतेक एम६ असतात आणि ८ ते १० न्यूटन मीटरच्या आसपास घट्ट करायचे असतात, पण तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. मोठा टॉर्क रेंच इथे कुचकामी, पाव इंच ड्राइव्हचा ५ ते २५ न्यूटन मीटरवाला लागतो, मधल्या बोल्टपासून बाहेर जायचं आणि दोन फेऱ्यांत. बोल्टला खांदा असतो, तो टेकला की विषय संपला, त्याच्यापुढे जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात आणि फायरवॉलच्या बाजूला आटे गेले तर रडायची पण जागा नाही. मागच्या कोपऱ्यातल्या बोल्टला लांब एक्स्टेन्शन आणि वॉबल सॉकेटच लागला, युनिव्हर्सल जॉइंट जास्त तिरका केला की रीडिंगवर भरवसा ठेवू नका.

कागदात नसलेलं अजून: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, होज काढताना प्रत्येकाला मास्किंग टेपवर नंबर टाका, थ्रॉटल बॉडीतून कूलंट जात असेल तर इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा. प्लेनम काढल्यावर उघड्या पडलेल्या पोर्टमध्ये फडक्याचे बोळे घाला आणि जितके घातले तितके मोजून बाहेर काढा. फेस साफ करायला ग्राइंडरची खरखरीत डिस्क अजिबात नको, तिची पूड बेअरिंग खाते. फारच जुनं इंजिन असेल तर जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते कोरडं घासू नका.

माझी सगळ्यात मोठी तक्रार अशी की किटमध्ये पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली, वाफ इनटेकमध्ये सोडणारा) नाही, निदान त्याचं रबरी ग्रोमेट तरी द्यायचं. तो चोंदला की क्रँककेसमध्ये प्रेशर वाढतं आणि कितीही भारी गॅस्केट असो, कडेने ऑइल बाहेर ढकललं जातं. माझा हलवून बघितला तर खडखडत नव्हता, म्हणजे गेलेला, नवीन घातला. नुसती गॅस्केट बदलून "किट बोगस आहे, परत गळतंय" असं लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी हा बघितला असेल देव जाणे.

बसवून बरेच महिने झालेत, मागची कड बोट फिरवली तर कोरडी, आणि सिग्नलला थांबल्यावर केबिनमध्ये येणारा जळक्या ऑइलचा वास पूर्ण गेला. तुमच्या गाडीत कव्हर वरच्या वर निघत असेल तर साधं नायट्रिलचं घेतलंत तरी काही बिघडत नाही, पण प्लेनम काढायला लागणार असेल तर एसीएमच घ्या आणि मागचे तीन स्पार्क प्लग त्याच वेळी उरकून टाका. पाचपैकी साडेतीन देतो, प्लेनमचं पॅकिंग धातूचं दिलं असतं तर साडेचार दिले असते.