न्यूयॉर्कची वस्ती ठिपक्यांत: एरिक फिशर यांच्या नकाशाचे परीक्षण

एरिक फिशर यांनी अमेरिकेच्या 2010 सालच्या जनगणनेवरून तयार केलेला न्यूयॉर्कचा नकाशा इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. शहरात कोणता समाज कुठे राहतो हे एका दृष्टिक्षेपात सांगणारे इतके बोलके साधन माझ्या पाहण्यात दुसरे नाही. येथे एक ठिपका म्हणजे 25 रहिवासी असून गोऱ्यांसाठी लाल, कृष्णवर्णीयांसाठी निळा, आशियाईंसाठी हिरवा, हिस्पॅनिकांसाठी (म्हणजे स्पॅनिशभाषक वा लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्यांसाठी) नारिंगी आणि उरलेल्यांसाठी पिवळा रंग योजला आहे. या मांडणीची प्रेरणा नकाशाकार बिल रँकिन यांच्या 2009 सालच्या शिकागोच्या नकाशाची.

एखाद्या भागाला तेथील बहुसंख्य समाजाचा एकच रंग फासणाऱ्या नकाशांत अल्पसंख्य दिसेनासे होतात. या नकाशात ते दिसतातच, शिवाय दोन वस्त्या एकमेकींना कशा भिडतात हेही कळते. मॅनहॅटनच्या पूर्व बाजूस 96व्या रस्त्याच्या आसपास लाल रंग झपाट्याने ओसरतो आणि ईस्ट हार्लेमचे नारिंगी व निळे ठिपके सुरू होतात. उलट शहराच्या क्वीन्स या विभागातील जॅक्सन हाइट्सच्या परिसरात नारिंगी आणि हिरवे ठिपके असे मिसळलेले आहेत की तेथे सीमारेषा आखण्याचा प्रयत्नच व्यर्थ ठरावा. वस्त्यांची ही सरमिसळ दाखवणे हेच या नकाशाचे खरे बलस्थान आहे.

मात्र पाच रंगांत जे मावत नाही किंवा जनगणनेने जे विचारले नाही ते नकाशा सांगू शकत नाही. क्वीन्समधल्याच फ्लशिंगमधील चिनी आणि जॅक्सन हाइट्समधील बांगलादेशी कुटुंबे एकाच हिरव्या रंगात मोडतात, आणि धर्माची नोंद जनगणनेत नसल्यामुळे ब्रुकलिनच्या बरो पार्कमधील सनातनी ज्यूंची दाट, स्वतंत्र वस्ती केवळ लाल दिसते. माझ्या मते हा दोष गंभीर आहे, कारण एखाद्या मोहल्ल्याची ओळख बहुधा याच बारकाव्यांत असते. लोकांची गणना त्यांच्या नेहमीच्या निवासस्थानी होत असल्याने दिवसा कामावर, बाजारात वा शाळेत होणारी त्यांची गाठभेटही येथे उमटत नाही. रायकर्स बेटावरील तुरुंगात मोजलेले कैदी तर तेथील रहिवासी ठरतात.

रंगांची निवडही मला खटकते: लाल आणि हिरवा यांतील फरक ज्यांना नीट ओळखता येत नाही, अशा वाचकांसाठी क्वीन्सचा बराचसा भाग दुर्बोधच राहील. वर्गात किंवा चर्चेत हा नकाशा वापरणाऱ्यांनी त्याच्या शेजारी जन्मदेश आणि घरात बोलली जाणारी भाषा यांविषयीची आकडेवारी अवश्य ठेवावी.