मिशिगन सरोवरावरची 'ब्याडगी' बोट

चिक्कोडी भागातल्या एका साखर कारखान्यात मी 31 वर्षं बॉयलरवर काढली. त्यामुळं विस्कॉन्सिनला गेल्यावर लेक म्हणाली, "पप्पा, कोळशावरची बोट बघायची का?" तेव्हा नायगारा राहिला बाजूला.

एसएस बॅजर, एसएस म्हणजे वाफेवर चालणारी बोट. आमच्या सौ. तिला शेवटपर्यंत ब्याडगीच म्हणत होत्या. विस्कॉन्सिनच्या काठावरचं मॅनिटोवॉक ते पलीकडं मिशिगन राज्यातलं लडिंग्टन, 60 मैल, चार तास. 1953 साली ही धंद्याला लागली ती मालगाडीचे डबे वाहायला. शिकागोच्या यार्डात डबे तुंबायचे, म्हणून ते सरळ बोटीत ढकलायचे आणि सरोवरापलीकडं काढायचे. माणसं, मोटारी वरकड. 1990 ला बोट बंद पडली. लडिंग्टनच्याच चार्ल्स कॉनरॅड यांनी 1992 ला ती परत पाण्यावर आणली, पण आता डबे नाहीत, फक्त माणसं आणि गाड्या. गाडी त्यांचाच माणूस आत नेतो. किल्ली देताना जावयाचा चेहरा बघण्यासारखा होता.

मला कौतुक इंजिनांचं. स्किनर कंपनीची 'युनाफ्लो' जातीची दोन वाफेची इंजिनं, मिळून 7000 अश्वशक्ती. वाफ सिलिंडरच्या टोकाला शिरते आणि मधल्या छिद्रांतून निघून जाते, म्हणून गरम टोक गरमच राहतं. आमच्या मिलच्या जुन्या इंजिनात वाफ आल्या वाटेनंच परत जायची. डेकवर उभं राहिलं तर डिझेलसारखी थरथर नाही, मऊ चाल. बाकीचे आत बिंगो खेळत होते, मी धुराड्याचा रंग बघत बसलो.

राख पूर्वी सरोवरातच सोडायचे. 2015 पासून ती बोटीवरच साठवून किनाऱ्यावर उतरवतात. बरं केलं. आमच्या गावात वाळत घातलेल्या धोतरावर काळे ठिपके पडायचे, तेव्हा शिव्या मलाच.

जायचं तर उन्हाळ्यात. आपलं गळीत सुरू व्हायच्या सुमारास यांचा हंगाम संपतो. स्वेटर न्या, वारं बोचतं. चपाती-शेंगा चटणी डब्यात असू द्या.

लडिंग्टनला मात्र आत बसू नका. नांगर टाकून, त्याच्या ओढीवर एवढी 410 फुटांची बोट वळवतात आणि पाठमोरी धक्क्याला लावतात, कारण डबे मागूनच चढायचे. पूल व्हायच्या आधी कृष्णेवर आमचा नावाडी बांबू रोवून नाव अशीच फिरवायचा. नावेत माझी राजदूत मोटारसायकल उभी असायची, आणि मी दोन्ही हातांनी हँडल धरून.